सुनिगांच्या बसलेल्या स्त्रिया

फ्रान्सिस्को सुनिगा (१९१२–१९९८) हे जन्माने कोस्टा रिकाचे, पण १९३६ मध्ये मेक्सिकोला जाऊन तेथेच स्थायिक झालेले शिल्पकार होते. देवमूर्ती घडवणाऱ्या वडिलांच्या हाताखाली त्यांचा हात तयार झाला, ब्राँझ आणि दगडातील मेक्सिकन आदिवासी स्त्रियांच्या शिल्पांनी त्यांना नाव मिळाले, आणि साठीच्या सुमारास, १९७०च्या दशकात, त्याच स्त्रिया त्यांनी शिळाछापात, म्हणजे लिथोग्राफमध्ये, उतरवल्या.

या स्त्रिया बहुधा काहीच करत नाहीत. रेबोसो नावाची लांब ओढणी अंगाभोवती घेऊन, रुंद पावले जमिनीला टेकवून त्या नुसत्या बसलेल्या असतात, आणि त्यांच्या बसण्यात डोंगराच्या पायथ्याचा भक्कमपणा असतो. शिल्पाला वजन आयतेच मिळते. कागदावर ते छटांमधून उभे करावे लागते, आणि येथे शिळाछापाचे तंत्र शिल्पकाराच्या मदतीला येते. चुनखडीची सपाट शिळा वाळूने घासून तिच्यावर बारीक रवा आणतात. तेलकट खडू या रव्याच्या टोकांवरच टेकत असल्याने गडद-फिकी खरबरीत छटा उमटते, आणि ती रेखाटनापेक्षा तासलेल्या दगडाच्या पृष्ठभागाशी अधिक जवळची वाटते. त्यानंतर डिंक व सौम्य आम्ल लावून शिळा ओली केली की कोरा भाग पाणी धरतो, तेलकट भाग शाई धरतो, आणि दाबयंत्रातून चित्र कागदावर उलटे उमटते. शिळेवर उजवीकडे पाहणारी बाई छापात डावीकडे पाहते, याचे भान चित्रकाराला आधीच ठेवावे लागते.

याच तंत्राने राजा रविवर्मांच्या छापखान्यातून देवदेवतांच्या असंख्य तसबिरी घरोघरी पोहोचल्या, हे लक्षात घेतले तर शिळाछापाच्या मोजक्याच प्रती काढण्याच्या, म्हणजे ‘मर्यादित आवृत्ती’च्या, प्रकाराचे स्वरूप स्पष्ट होते. तांब्याच्या पत्र्यावर थेट सुईने ओढलेली रेघ थोड्याच छापांत झिजते. शिळा मात्र फार मोठ्या संख्येने छाप देऊ शकते, त्यामुळे येथील मर्यादा तंत्राने घातलेली नसून कलावंताने व प्रकाशकाने ठरवलेली असते, आणि त्यात बाजाराचा हिशेबही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेला ‘१२/१००’ हा आकडा शंभरांपैकी बारावी प्रत असे सांगतो, मात्र ती बाराव्या क्रमानेच छापली गेली असेल असे नाही. ब्राँझच्या ओतकामातही एका साच्यातून मोजक्याच प्रती काढण्याची रीत असल्याने शिल्पकाराला हा प्रकार परका नसतो. ठरलेल्या प्रती निघाल्या की चित्र घासून काढतात, आणि त्याच शिळेवर पुढचे चित्र काढता येते.