अडीच फुटी गाडीचा सांभाळ

रेल्वेच्या नकाशात ज्या स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागतं, तिथे उतरलेल्या नवख्या माणसाची हमखास फसगत होते. सातारा रोडला उतरलं की सातारा दिसत नाही, दिसतं पाडळी. जत रोडहून जत गाठायला पुन्हा एसटी. कुंडल रोडचं पुढे किर्लोस्करवाडी झालं म्हणून तिथली थट्टा थांबली. इंग्रजी अमदानीत मोठ्या रेल्वेने आपल्या सोयीची सरळ वाट धरली आणि बाजूला राहिलेल्या गावांना 'रोड' देऊन बोळवण केली. कुर्डुवाडी स्टेशनचं मूळ नावही बार्शी रोडच. बार्शी तिथून एकवीस मैलांवर, म्हणजे जवळजवळ चौतीस किलोमीटर. बार्शीच्या बाजारातला माल एवढं अंतर बैलगाडीने जायचा. सांगली जिल्ह्यात थेट मिरजेपर्यंत येऊन भिडलेली ती छोटी गाडी, 'बार्शी लाईट', जन्माला आली ती या एकवीस मैलांसाठी.

आज 'लाईट रेल' म्हटलं की शहरातून फिरणारी ट्रामसारखी चकचकीत गाडी डोळ्यांपुढे येते. बार्शी लाईटमधला 'लाईट' जुन्या अर्थाचा. रूळ हलके, डबे हलके, वेग कमी, खर्च कमी. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीचं हेच अंतर साडेपाच फूट. अडीच फूट म्हणजे घरातल्या एका दाराची रुंदी. आणि एवढ्याशा पायावर त्याच्या जवळजवळ तिप्पट रुंद डबा उभा! पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही गाडी आत्ता कलंडेल असंच वाटायचं.

ती कलंडली नाही, याचं श्रेय एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचं. हा गृहस्थ १८८२ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला आणि इथल्या आडगावांना स्वस्तातली रेल्वे कशी देता येईल, या एकाच विचाराने झपाटला. त्याचा हिशेब साधा होता. रुळाला गाडीचं एकूण वजन सोसावं लागत नाही, सोसावा लागतो तो एकेका आसाचा भार. मग इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाचा वाघीण-डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊच द्यायचा नाही. असं केलं तर यार्डाला तीस-पस्तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला पंधरा-सतरा किलोचे रूळ पुरतात. आजच्या मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला साठ किलोचा असतो, त्यावरून अंदाज यावा. इंजिनाचं वजन वाटून देण्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने चार जोड्या जोडचाकं आणि मागे चारचाकी बोगी अशी इंजिनं बांधली. डब्यांच्या खालच्या चौकटी दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या केल्या. ओतीव लोखंड आणि जाड तुळया टाळल्या, म्हणून डबा हलका झाला आणि माल जास्त मावू लागला. ही सगळी सामग्री हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून ती चालवून दाखवली आणि देशोदेशीच्या रेल्वेवाल्यांना पाहायला बोलावलं. ते साल १८९७. त्याच साली बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली.

पुढे लाईन वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. सारी मिळून २०२ मैल. कॅलथ्रॉप गेला तोही १९२७ च्या मार्चमध्ये. हा माणूस नुसता रेल्वेवाला नव्हता. अरबी घोडे पाळायचा, आणि मित्र चार्ल्स रोल्स (रोल्स-रॉइसमधला) १९१० मध्ये विमान कोसळून डोळ्यांदेखत गेल्यावर त्याने वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करण्यात आयुष्याची उरलेली वर्षं आणि बराच पैसा घातला. 'गार्डियन एंजल' हे त्या पॅराशूटचं नाव. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने ते शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरलं, आपल्या वैमानिकांना मात्र दिलं नाही. असो. आपल्याकडे त्याची खूण म्हणजे पंढरीची गाडी.

पंढरपूर लाईनवर आलं आणि बार्शी लाईट कंपनीचं नशीब पालटलं. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरेनात, तेव्हा वारकऱ्यांना मालाच्या डब्यांत बसवून नेलं जाई. आरग, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला या गाडीने तीन गोष्टी दिल्या: विठोबा, मिरजेचा दवाखाना आणि कामधंद्यासाठी बाहेर पडायची वाट. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलची ख्याती ऐकून कुठून कुठून रुग्ण यायचे, त्यातले कितीतरी या गाडीने. वेगाबद्दलच्या गोष्टी तर न संपणाऱ्या. चढावर उतरून गाडीबरोबर चालत गेलेला आणि पुन्हा चढून बसलेला एक तरी आजोबा प्रत्येक घरात असतो. सगळे खरे बोलत असतील असं नाही, पण एवढे सगळे खोटंही बोलत नसावेत.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि ही लाईन मध्य रेल्वेत आली. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीचा, होता तो साडेपाच फुटी ब्रॉडगेज झाला. सातारा, कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी अशी सगळी स्टेशनं रुंद रुळांवर आली, पण मिरजेहून लोंढ्याकडे जाणारा मार्ग मात्र नव्वदीच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. म्हणजे वीसेक वर्षं मिरज जंक्शनात रुळांच्या तिन्ही रुंदी एकत्र नांदल्या. कोल्हापूरकडून आलेलं गुळाचं पोतं पंढरपूरकडे धाडायचं, तर एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचं. मिरजेच्या हमालांचं पोट या रुंदीच्या फरकावर चालायचं. मग अडीच फुटी नॅरोगेजचीही पाळी आली. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी पट्टा रुंद झाला, त्यानंतर पंढरपूर-मिरज. दुष्काळी भागाला थेट मुंबई-पुण्याची, सोलापूर-कोल्हापूरची गाडी मिळाली. यात हळहळण्यासारखं काही नाही. ज्यांना रोज जायचं होतं त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो रास्तच होता.

प्रश्न गाड्यांचा. रुंदी बदलली की त्या मार्गावरच्या गाड्या एका दिवसात निराधार होतात. ब्रॉडगेजचं जुनं इंजिन निवृत्त झालं तर दुसऱ्या गाडीला जोडून चाकांवर कुठेही नेता येतं. अडीच फुटी इंजिनाखालचा रूळच उखडला की त्याला एक इंच हलवायलाही क्रेन आणि ट्रेलर लागतो. त्याचा खर्च भंगाराच्या किमतीत बसत नाही. म्हणून इंजिनाच्या नशिबी फार तर एखादा चबुतरा येतो. डब्यांच्या नशिबी लिलाव. इंजिन म्हणजे रुबाब, ते कुणालाही ठेवावंसं वाटतं. ज्यात माणसं बसली, झोपली, भांडली, तो तिसऱ्या वर्गाचा डबा कुणी ठेवत नाही. १९३६ साली कंपनीकडे ३२ इंजिनं, १४७ प्रवासी डबे आणि ८०३ मालडबे होते. यात महत्त्वाचा आकडा कोणता, असं मला विचारलं तर मी शेवटचा सांगेन. वारकरी त्यात बसत होते.

चबुतऱ्यावरच्या इंजिनांबद्दल थोडं सांगायला हवं. एका स्टेशनबाहेरच्या अशाच छोट्या इंजिनाजवळ मी एकदा अर्धा तास घालवला. लांबून ते काळं कुळकुळीत, लाल पट्टे ओढलेलं, एकदम ऐटबाज. जवळ गेल्यावर पहिल्यांदा नजरेत भरलं ते बिनझाकणाचं धुराडं. पाऊस त्यातून सरळ आत. खाली स्मोकबॉक्समध्ये वर्षानुवर्षांची राख. कोळशाच्या राखेत गंधक असतं, पाणी मिळालं की त्याचं आम्ल होतं आणि ते तळाचा पत्रा आतून खातं. बाहेरून रंग मारत राहा, आत चाळणी. बॉयलरवर उष्णता राखण्यासाठी गुंडाळलेलं आवरण आणि त्यावरचा पातळ पत्रा, या दोहोंच्या मध्ये पाणी साठून राहतं. आतला बॉयलर गंजतोय हे पत्रा फुगून फाटल्यावरच कळतं. त्यातून ते जुनं आवरण ॲस्बेस्टॉसचं असेल तर हात लावण्यापूर्वी माहीतगार माणूस हवा. चाकं तर सिमेंटमध्ये घट्ट रोवलेली. फायरबॉक्सचं दार ढकललं तर आत बिड्यांची थोटकं आणि गुटख्याच्या पुड्या. शिट्टी, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीचे पितळी नळ, तांब्याच्या नळ्या यांपैकी काही नव्हतं. पितळ आधी जातं, मग तांबं. लोखंड शेवटी, कारण ते उचलवत नाही.

सांभाळणं म्हणजे रंगवणं नव्हे. रंगाआधी चाकूच्या टोकाने एका कोपऱ्यातला थर हलकेच खरवडायचा, कारण खालच्या प्रत्येक थरात त्या इंजिनाचा एकेक मालक असतो: कंपनी, मग सरकार, मग वर्कशॉपमधला कुणी हौशी पेंटर. चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो. डावीकडच्या दांडीवर एक नंबर आणि उजवीकडच्या दांडीवर दुसरा निघाला, तर शेडमध्ये कोणत्या इंजिनाचा कोणता अवयव कुणाला बसला ते उलगडतं. हे नंबर घासून, पुट्टी भरून गुळगुळीत केले की ती कुंडलीच पुसली जाते. धुराड्याला झाकण, तळाला पाणी जायला भोक, वर साधं पत्र्याचं छप्पर आणि दर दोन-तीन महिन्यांनी वंगण घालून चाकं थोडी फिरवणं, एवढं केलं तरी इंजिनाचं आयुष्य कितीतरी वाढतं. लाकडी डब्याला याहून जास्त जपावं लागतं. सागवानी चौकटीवर पत्रा ठोकलेला असतो, पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकांतून, आणि वरून धडधाकट दिसणारा डबा आतून भुसा झालेला असतो.

हे आपल्या देशात जमत नाही असं मात्र नाही. पतियाळा संस्थानात एका रुळावर चालणारी अजब मोनोरेल होती, १९०७ ते १९२७. बंद पडल्यावर तिची जर्मन बनावटीची इंजिनं सरकारी शेडमध्ये पडून राहिली. १९६२ साली माइक सॅटो या इंग्रज रेल्वेवेड्याला ती सापडली. अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपने एक इंजिन दुरुस्त केलं आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात वाफेवर चाललं. ते संग्रहालय उघडलं १९७७ मध्ये. आपल्या राज्यात नागपूरला मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेजचं खास संग्रहालय सुरू झालं. तिथली सातपुड्याकडची लाईनही अडीच फुटीच होती. तिथे इंजिनाबरोबर डबे आहेत, कंदील आहेत, सिग्नलची यंत्रं आहेत. पाहणाऱ्याला गाडी कळते ती अशी.

उलटं उदाहरण मुंबईचं. १८७४ मध्ये घोड्यांनी ओढलेली आणि १९०७ पासून विजेवर धावलेली ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. पुढे अर्धशतकानंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर भाटिया बागेत ट्राम मांडायची ठरली तेव्हा डबा आणावा लागला कोलकात्याहून. कॅलथ्रॉपच्या मायदेशातही हीच तऱ्हा. स्टॅफर्डशायरमध्ये त्याने बार्शीच्या धर्तीवर १९०४ साली लीक-मॅनिफोल्ड ही लाईन उभारली, ती १९३४ मध्ये बंद झाली. तिची दोनच इंजिनं, त्यातल्या एकाचं नाव खुद्द त्याच्यावरून ठेवलेलं. दोन्ही भंगारात गेली. रुळांच्या जागी आज पायवाट आहे.

सातारा-सांगलीला जपणूक शिकवायला बाहेरचं कुणी यायला नको. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय बांधलं, त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही. एका छोट्या संस्थानिकाला हे सुचलं. मिरजेत शस्त्रं घासणाऱ्या शिकलगारांनी तलवारींचे दिवस संपल्यावर भोपळे कोरून तंबोरे करायला घेतले आणि तो हात आजवर टिकवला. तरवार जपतो, तंबोरा जपतो. मग कपलिंग, ब्रेकचं चाक, गार्डाचा कंदील का नाही? माझं मत विचाराल तर मिरजेसारखी दुसरी जागा नाही. तिन्ही रुंदींचे रूळ शेजारी शेजारी टाकावेत, प्रत्येकावर एक डबा उभा करावा, वर छप्पर घालावं. शाळेतल्या पोराने अडीच फुटी डब्यात चढून बसावं, खिडकीतून शेजारच्या साडेपाच फुटी डब्याकडे मान वर करून बघावं. इंजिन नसलं तरी चालेल.

जागा, पैसा, परवानगी हे रेल्वेने आणि सरकारने बघायचं. एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे. मिरज, कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी इथल्या ज्या घरांत आजोबा फायरमन, गार्ड, गँगमन किंवा वर्कशॉपमध्ये फिटर होते, तिथे माळ्यावर अजून काहीतरी असेल: पितळी बिल्ला, जाड पुठ्ठ्याचं तिकीट, हिरवी-लाल काच असलेला कंदील, निरोपसमारंभाचा गटफोटो. भंगारवाल्याला द्यायच्या आधी ते पुसून एका पिशवीत ठेवा. फोटोच्या मागे पेन्सिलीने माणसांची नावं, स्टेशन आणि साल लिहा. बॉलपेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते.