शाळेतील धोक्याचा भोंगा आणि बालकांची भीती

सुरत शहराने तीन वेगवेगळ्या प्रकारचे धोके जवळून पाहिले आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडली. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केडला आग लागली. वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातून खाली उतरण्याची वाट बंद झाली आणि २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाचा देशव्यापी सराव झाला, त्यात सुरतचाही समावेश होता.

पुरात वर जायचे, आगीत बाहेर पडायचे आणि हल्ल्याचा भोंगा झाला की आत थांबायचे. हा फरक मोठ्यांना कळतो. पाच वर्षांच्या बालकाने तो घाबरलेल्या अवस्थेत ओळखावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून ‘आवाज झाला की बाकाखाली लपायचे’ असा सरसकट नियम बालवाडीत शिकवू नये. आगीत तोच नियम घातक ठरेल. लहान मुलांसाठी नियम एकच असावा : भोंगा झाला की बाईंकडे पाहायचे आणि बाई सांगतील तसे करायचे. निर्णयाची जबाबदारी शिक्षिकेची आहे.

या तिन्हींत दार लावून गप्प बसणे बालकाला सर्वांत अवघड जाते. धावताना भीतीला शरीरातून वाट मिळते. अंधाऱ्या खोलीत निश्चल बसताना ती मिळत नाही. शिवाय दोन ते सात वर्षे या वयातील मूल स्वतःला केंद्रस्थानी ठेवून विचार करते, असे पियाजे यांनी दाखवले आहे. ‘मी दंगा केला म्हणून भोंगा वाजला’ असेही त्याला वाटू शकते. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील मुलांचे निरीक्षण करताना अॅना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना आढळले, की बॉम्बवर्षावापेक्षा आईची ताटातूट मुलांना अधिक हादरवते. वर्गात आईची ती जागा काही काळ शिक्षिकेने घ्यायची असते.

त्यामुळे सरावाची कल्पना आदल्या दिवशी द्यावी, आणि ती घरच्या भाषेत. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीप्रमाणेच मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू माध्यमांतूनही चालतात. लिंबायत-उधना भागातील खानदेशी मुलाच्या घरी तर अहिराणी असते. वाक्ये मोजकी हवीत : ‘आता आपण दार लावून बसणार आहोत. मी इथेच आहे. संपले की मी सांगेन.’ खरोखर काही घडले असेल तर ‘काही नाही झाले’ असे म्हणू नये. बाईंचा चेहरा मुले वाचतात. ‘गप्प बस, नाहीतर चोर येईल’ हे तर कधीच नको. त्याने मूल गप्प बसते खरे, पण पुढे दार लागले की दचकते.

बसल्या बसल्या हाताला काम द्यावे. शेजारच्याचा हात धरणे, बोटे मोजणे, गरम दुधावर घालतात तशी हळू फुंकर घालणे. लांब उच्छ्वासाने छातीची धडधड कमी होते. एखादे मूल रडलेच तर त्याला जवळ घ्यावे, दटावू नये.

नंतरचे दिवसही महत्त्वाचे. मुले भोंग्याचा खेळ खेळतात. तो थांबवू नये, कारण मूल बोलून नव्हे तर खेळून समजून घेते. पालकांना त्याच दिवशी निरोप द्यावा आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्यास सांगावे. तक्षशिलाची दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली गेली होती. प्रत्येक वेळी नवी आग लागली, असा लहान मुलाचा समज होऊ शकतो. झोपमोड, अंथरूण ओले करणे, शाळेला नकार हे महिनाभर टिकले तर समुपदेशकाची मदत घ्यावी. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

कम्युनिटी कॉलेजमधील बालशिक्षण अभ्यासक्रमात याचे प्रात्यक्षिक घेता येईल. विद्यार्थिनींनी वरील वाक्ये मोठ्याने, शांत आवाजात म्हणून पाहावीत. भोंगा वाजत असताना तो आवाज टिकवणे किती कठीण आहे, हे त्यांना तेव्हाच कळेल.