नाणेफेक आणि 'ची'

१९८८ साली बीजिंगमध्ये चीगोंग या श्वास, ध्यान आणि हालचालींच्या चिनी साधनेतल्या एका गुरूंची परीक्षा झाली. चीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान दैनिकाचे संपादक लिन झिशिन यांनी अमेरिकेहून चिकित्सक अभ्यासकांचं पथक बोलावलं होतं; जादूगार जेम्स रँडीही त्यात होते. तळहातातून 'ची', म्हणजे प्राणशक्ती, सोडून आपण दूरवरच्या रुग्णाला बरं करतो, असा गुरूंचा दावा. दृश्यही बघणाऱ्याला पटावं असंच होतं. रुग्ण पडून आहे, जरा अंतरावर गुरू हात हलवताहेत आणि इकडे रुग्णाचं अंग आळोखेपिळोखे देतंय.

पथकाने फार काही केलं नाही. गुरूंना दुसऱ्या खोलीत नेलं आणि 'ची' कधी सोडायची, कधी नाही, हे नाणं उडवून ठरवलं. रुग्ण हलला, भरपूर हलला. पण पलीकडच्या हातांशी त्याचा मेळ बसेना. गुरू स्वस्थ बसलेले असतानाही इकडे अंग घुसळतच होतं.

हा किस्सा ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे सगळं ढोंगच की!" मला हे मान्य नाही. रुग्ण नाटक करत होता असं मानायची गरजच नाही. आरतीच्या वेळी जिच्या अंगात येतं, त्या बाईलाही आपण मुद्दाम घुमतोय असं वाटत नसतं. अपेक्षेत एवढं बळ असतंच. चूक झाली ती हे बळ गुरूच्या तळहाताच्या नावावर जमा करण्यात, आणि त्या काळच्या चीनमध्ये ती लाखोंनी केली. नव्वदच्या दशकात तर विश्वातले संदेश पकडण्यासाठी डोक्यावर धातूची भांडी घालून बसलेल्या माणसांचे फोटो निघाले.

दुसरा गैरसमज प्राचीनतेचा. आज शिकवलं जाणारं चीगोंग हजारो वर्षं जसंच्या तसं चालत आलंय, असं सर्रास सांगतात. पडद्यामागची गोष्ट निराळी आहे. हबेई प्रांतातला ल्यू ग्वेजेन हा कम्युनिस्ट पक्षाचा तरुण कार्यकर्ता १९४७ मध्ये पोटातल्या अल्सरने खंगून गावी परतला. तिथे वडीलधाऱ्या नातलगाकडून तो श्वास आणि ध्यानाची एक जुनी साधना शिकला आणि बरा झाला. पक्षातल्या वरिष्ठांना त्यात स्वस्त उपचार दिसला. अडचण एकच, साधनेला धर्माचा वास होता. मग सोनेरी ड्रॅगन आणि ध्यानगृह असलेला मंत्र काढून टाकला आणि आरोग्यासाठी मी ध्यानाला बसतो, अशा अर्थाचं सरळ वाक्य तिथे बसवलं. १९५० च्या दशकात तांगशान आणि बेइदाइहे इथे चीगोंगची आरोग्यधामं उभी राहिली. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या सुमारास याच ल्यूंवर हल्ला झाला आणि बेइदाइहेचं धाम बंद पडलं.

तिसरा गैरसमज खास आपला. "हा तर आपलाच योग, बोधिधर्म घेऊन गेला तिकडे!" हे इतक्या अभिमानाने म्हटलं जातं की मोडता घालायला जीव होत नाही, पण घालायला हवा. चांगशाजवळ मावांगत्वी इथे १९७३ मध्ये उघडलेल्या थडग्यात रेशमावरचं एक चित्र सापडलं. त्यात व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या आहेत, काही पुरुष, काही बायका. थडगं बंद झालं इसवी सनपूर्व १६८ मध्ये, म्हणजे बोधिधर्म या बौद्ध भिक्षूच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी. ज्या 'यीजिनजिंग' ग्रंथाच्या भरवशावर बोधिधर्माला जनक ठरवतात, तो अभ्यासकांच्या मते सतराव्या शतकातला. त्याची सातव्या शतकातली म्हणून दाखवलेली प्रस्तावना बनावट आहे. देवाणघेवाण झालीच नाही, असं मी म्हणत नाही. पण जनकत्वाचा दाखला म्हणून हा ग्रंथ चालत नाही.

मग हाती उरतं काय? बरंच काही. 'बादुआनजिन' या आठ हालचालींच्या संचातली शेवटची बघा. टाचा उचलायच्या, क्षणभर तोल सांभाळायचा, मग टाचा हलकेच खाली टेकवायच्या. पारंपरिक नावात शंभर रोग पळवण्याचं वचन आहे. प्रत्यक्षात पोटऱ्या राबतात, घोट्यांना तोल सावरायची सवय लागते, श्वास संथ होतो. पडण्याच्या भीतीने घराबाहेर न पडणाऱ्या आजींसाठी हे थोडकं नाही. मात्र त्यांनी सुरुवातीला खुर्चीची पाठ धरूनच करावं आणि रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये.

'याने अपाय तर होत नाही ना?' या प्रश्नाला मान डोलावणारे शिक्षक मला खटकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेत चीगोंगनंतर उद्भवणाऱ्या मनोविकाराची नोंद आहे. चिनी डॉक्टरांनाही तो ठाऊक होता. हळुवार आठ हालचालींनी असं सहसा होत नाही. पण तासन्‌तास ध्यान, उपास, झोपमोड आणि वर गुरूच्या शक्तीची धास्ती, असं सगळं एकत्र आलं तर नाजूक मनाच्या माणसाला ते झेपत नाही. आधी भास होत होते का, मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत का, हे शिक्षकाने नाव नोंदवून घेतानाच विचारावं आणि तसं असेल तर शिकणाऱ्याच्या डॉक्टरांशी बोलूनच पुढे जावं.