मीठ, मोरी आणि ब्लू ड्रॅगन

पोळ्याला परतवाड्याला गेले होते. सकाळी बघते तर मोरीत बोटभर लांबीचं, काळपट, चिकट प्रकरण! आईची ऑर्डर आली, "काऊन पाहत उभी राह्यली वं? मीठ टाक त्याच्यावर!" बिनशंखाची गोगलगाय. मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि बिचारीचा खेळ खलास.

तेवढ्यात मुंबईहून मैत्रिणीचा फोन. जुहूच्या पाण्यात मॅडमच्या पायाला निळी दोरी गुंडाळली आणि पायाची नुसती आग आग! ही ब्लू बॉटल. दर पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर हजेरी लावते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तर हिने अनेकांना डंख मारले होते.

आता गंमत ऐका. या ब्लू बॉटलला चवीने खाणारी एक समुद्री गोगलगाय आहे, म्हणजे आमच्या मोरीतल्या बाईंची लांबची बहीणच! नाव ग्लॉकस अटलांटिकस, लाडाने ब्लू ड्रॅगन. लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर, पण लुक एकदम डिझायनर. दोन्ही बाजूंना पंख्यासारखी बोटं, निळा आणि चंदेरी रंग. पोटात हवेचा बुडबुडा गिळून ती चक्क उलटी तरंगते. वर दिसतं ते निळं पोट, पाण्याच्या रंगात मिसळणारं. खाली चंदेरी पाठ, खालून बघणाऱ्या माशाला उजेडासारखी भासणारी. अंड्यातून निघताना अंगावर कवच असतं, मोठी होताना ते टाकून देते. मग संरक्षणाचं काय? तर उधारी! ब्लू बॉटल खायची, पण तिच्या डंखाच्या पेशी न पचवता बोटांच्या टोकात साठवायच्या. एकाच जागी गोळा झाल्यामुळे हिचा डंख कधीकधी मूळ मालकिणीपेक्षा जहाल बसतो. प्रत्येक ड्रॅगन नरही असतो आणि मादीही, त्यामुळे जोडी जमली की दोघंही अंडी घालतात.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळानंतर चेन्नईच्या बेसंटनगर किनाऱ्यावर हे ड्रॅगन वाहून आले होते. असं काही दिसलं तर फोटो खुशाल काढा, पण तळहातावर घेऊन पोज देऊ नका. मेलेला ड्रॅगनही डंख मारू शकतो.

आईला मोबाइलवर फोटो दाखवला. "हे गोगलगाय? अन् मिठाच्या पान्यात मरत नाई?" हिच्या अंगातलं पाणीच समुद्राइतकं खारट, त्यामुळे मीठ तिचं काही ओढून नेत नाही, असं सांगितलं. आईने परत एकदा फोटो पाहिला. मोरीतली तोवर नळामागे गायब झाली होती.