जनावरांचे वेळेचे भान व कामाची उमेद

जनावरास वेळ कळते, हे गुरे पाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. धार काढण्याची वेळ झाली की गाय उठून उभी राहते आणि आंबोणाची पाटी ज्या बाजूने येते तिकडे मान वळविते. औत सुटण्याच्या सुमारास घराच्या दिशेने जाणारे तास बैल झपाट्याने उरकतो व उलट फिरताना रेंगाळतो. देवळा तालुक्यातील शेतकऱ्याची कांदा, मका व बाजरी यांबरोबर गोठ्यावरही भिस्त असते. जनावरास वेळ कशी कळते व कामाची उमेद कोठून येते, हे त्याने समजून घेणे म्हणूनच उपयुक्त आहे. या दोन्ही गोष्टींशी मेंदूतील डोपामाईन या द्रव्याचा निकट संबंध आहे.

डोपामाईन म्हणजे काय?

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीस निरोप पोचविते तो बहुधा रसायनाच्या द्वारे. अशा निरोप्या द्रव्यांपैकी डोपामाईन हे एक होय. उंदीर, माकड, गाय, बैल आणि मनुष्य या सर्वांच्या मेंदूत ते असते.

या द्रव्याचे महत्त्व कळण्यास एक भारतीय वनस्पती कारणीभूत झाली. सह्याद्रीच्या ओलसर रानांत आढळणारी सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी ठरते, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाने जगापुढे आले. १९५२ साली तिच्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. स्वीडनमधील शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन सशांना दिले, तेव्हा ते निपचित पडून राहिले. नंतर ज्यापासून शरीर डोपामाईन बनविते ते एल-डोपा टोचताच ससे पुन्हा हालचाल करू लागले. हे प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध झाले व पुढे २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही एल-डोपा असते. १९३७ साली मद्रास येथील संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे केले होते.

उमेद व सुख यांतील फरक

डोपामाईन म्हणजे सुख देणारे द्रव्य, असा समज प्रचलित आहे. तो अपुरा होय. १९९५ साली अमेरिकेत ज्यांच्या मेंदूत डोपामाईन तयारच होत नाही असे उंदीर निपजविण्यात आले. अन्न पुढ्यात असूनही हे उंदीर खाण्यासाठी हलत नसत व उपचाराविना काही आठवड्यांत मरत. तथापि तोंडात घातलेले अन्न ते गिळत. गोड पाणी व साधे पाणी यांतील फरकही त्यांना कळे. चव शाबूत होती, तिच्यासाठी उठण्याची उमेद मात्र नव्हती.

दुसऱ्या प्रयोगांत उंदरांना निवड देण्यात आली. कळ अनेकदा दाबल्यास चविष्ट खाद्य मिळे व साधे खाद्य आयते पुढे असे. निरोगी उंदीर श्रम करून चविष्ट खाद्य मिळवीत. डोपामाईनचे कार्य मंदावलेले उंदीर आयत्यावरच समाधान मानीत. कष्ट करणे फायद्याचे आहे की नाही, हा हिशेब करण्यास हे द्रव्य मदत करते.

वेळेचा हिशेब

दिवस-रात्रीचे भान देणारे घड्याळ मेंदूत निराळे असते; ते आपोआप चालते व उजेडाने त्याची वेळ जुळविली जाते. सेकंद व मिनिटे मोजण्याच्या कामी मात्र डोपामाईनचा वाटा मोठा आहे. दिवा लागल्यावर ४० सेकंदांनी कळ दाबल्यास खाद्य मिळते, हे शिकलेला उंदीर त्याच क्षणाच्या सुमारास कळ अधिक वेगाने दाबतो. डोपामाईन वाढविणारे औषध दिल्यास तो आधीच दाबू लागतो व त्याचे कार्य रोखणारे औषध दिल्यास उशिरा. परंतु २०१६ साली लिस्बन येथील प्रयोगात डोपामाईनच्या पेशी चेतविल्या असता उंदरांना काळ प्रत्यक्षाहून कमी गेल्यासारखे वाटले. म्हणजे या घड्याळाची रचना साधी नाही.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरील प्रयोग गोठ्याच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. माकडास अवचित फळाचा रस मिळाला की डोपामाईनच्या पेशी चेतत. दिवा लागल्यावर रस मिळतो हे कळल्यानंतर त्या दिवा लागतानाच चेतू लागल्या. पुढे दिवा लावून रस दिला नाही, तेव्हा ज्या क्षणी रस मिळावयाचा त्याच क्षणी त्या मंदावल्या. यावरून खुणेचे अभिवचन आणि ते पुरे होण्याची वेळ, या दोहोंची नोंद मेंदू ठेवतो हे सिद्ध झाले.

गोठ्यात काय करावे?

एक : धार, आंबोण व पाणी यांच्या वेळा व क्रम ठरलेला ठेवावा. कांदा काढणीमुळे किंवा उमराण्याच्या बाजारास जाण्यामुळे वेळ चुकणार असल्यास घरातील दुसऱ्या माणसाने तोच क्रम पाळावा. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन या निराळ्या द्रव्यामुळे. परंतु ओळखीच्या खुणेने त्यासही साहाय्य होते व भीतीने अडथळा येतो.

दोन : रिकामी बादली वाजवून जनावरास बोलावू नये. अशी फसवणूक वारंवार झाल्यास ती खूण निरुपयोगी होते.

तीन : गोऱ्हा जुंपण्यास शिकविताना त्याने योग्य पाऊल टाकताच थोपटावे, विसावा द्यावा किंवा घासभर चारा द्यावा. उशिरा दिलेले बक्षीस व उशिरा मारलेला चाबूक कशाबद्दल आहे, हे त्यास उमगत नाही.

चार : चारा पुढे असता जे जनावर उठत नाही त्यास आळशी समजून मारू नये. ताप, वेदना वा अशक्तपणा यांमुळे असे होऊ शकते. ग्रामसेवकांनी अशा जनावराच्या धन्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्याचा सल्ला द्यावा. सर्पगंधा वा खाजकुहिली घरच्या घरी देणे धोक्याचे आहे.

मुके जनावर धन्याच्या शब्दाचा व वेळेचा हिशेब ठेवते. जेथे हा हिशेब चोख राहतो तेथे चाबकाची गरज कमी भासते आणि गुरे कामास व धारेस आपण होऊन उभी राहतात.