पैसा आला, पाणी नाही आलं

इचलकरंजीत सध्या साधे यंत्रमाग किलोवर विकले जातात. भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागतो, दोन माणसं पान्यानं सांधे सैल करतात, बिडाच्या बाजू एकीकडे, लोखंडी दांडे दुसरीकडे, आणि घासून गुळगुळीत झालेले लाकडी धोटे तिथेच पडून राहतात, कारण त्यांना वजन नाही. आमच्या गल्लीतला शेवटचा कारखाना गेल्या दिवाळीनंतर असाच रिकामा झाला. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. सूत महाग, वीज महाग, कापडाला भाव नाही आणि कामगार मिळत नाही, अशा धंद्यात पोरांना कोण ठेवील? मला राग येतो तो ‘काळच तसा आला’ म्हणून हात झटकणाऱ्यांचा. या गावाकडे एकदा सगळं नीट करण्याइतका पैसा आला होता. तो आला कुठून आणि गेला कुठे, हे माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे.

जुना इतिहास मी फार लांबवणार नाही. इथल्या जहागीरदार घराण्याचे मूळपुरुष नारो महादेवांनी संताजी घोरपड्यांच्या घराण्याचं आडनाव कृतज्ञतेनं घेतलं, पुढे व्यंकटराव आणि पेशवे बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई यांचं लग्न झालं, जहागिरी वाढली. हे सगळं शाळेत घोकून झालेलं आहे आणि त्यानं पोट कुणाचं भरलं नाही. पोट भरलं ते १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणलेल्या पहिल्या यंत्रमागानं. तेव्हा गावात वीज नव्हती, रेल्वे नव्हती. रेल्वे अजूनही नाही, गाडी धरायला हातकणंगल्याला जावं लागतं. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी या उद्योगाला जागा दिली, आधार दिला, आणि शेतकऱ्यांच्या, कोष्ट्यांच्या, ब्राह्मणांच्या, जैनांच्या घरांत माग शिरला. आधी रंगीत लुगडी, मग पांढरं कापड. पॉपलीन, केंब्रिक, मलमल, धोतर. स्वातंत्र्यानंतर सहकार आला, सूतगिरणी उभी राहिली, दत्ताजीराव कदमांसारखी माणसं पुढे आली. १९७४ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते, आणि मागवाल्यांच्या गावानं ते मनापासून पार पाडलं. आपटे वाचन मंदिर तर १८७० पासूनचं. सुताचा भाव विचारून झाला की संध्याकाळी तिथे मासिकं चाळत बसणारे मागवाले मी लहानपणी पाहिले आहेत. हे गाव नुसतं पैशाचं कधीच नव्हतं.

मग १९८२ उजाडलं.

१८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले. गिरण्या थांबल्या तरी माणसांची कापड नेसण्याची, घालण्याची गरज थांबली नव्हती. ती मागणी भिवंडीकडे, मालेगावकडे आणि आमच्याकडे वळली. त्या वर्षी आमच्या भागात जनावरांचे गोठे मोकळे झाले. म्हैस विकली, गव्हाण फोडली, कोबा केला आणि चार माग बसवले, असं दर दोन घरांआड चाललेलं. मळे भागात उसाच्या कडेला पत्र्याची छपरं उठली. विक्रमनगर, जवाहरनगर वाढलं, पलीकडे कबनूर, चंदूर, तारदाळ, यड्राव, शहापूर मागांनी भरलं. सायझिंगवर, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात, ताण्याचा बीम मिळायला नंबर लावावा लागे. बीम आला की वहिफणीवाल्याची वाट बघायची; हजारो तार एकेक करून जोडणारा तो माणूस त्या काळात नवरदेवासारखा भाव खात असे. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला तर घरी जेवायला बोलवत. कांड्या भरणाऱ्या मावश्यांच्या घरांतून पहाटे चारला यंत्रांचा आवाज सुरू व्हायचा.

आमचे आण्णा खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपण फक्त माग, जागा आणि झोप घालायची आणि मीटरमागे मजुरी घ्यायची. खर्चीवाला मालक म्हणवतो, पण बाजार त्याच्या हातात कधीच नसतो. तरीही त्या दशकात खर्चीवाल्यानंसुद्धा घर बांधलं, मुलींची लग्नं केली, मुलांना शिकवलं. मीही त्याच पैशावर शिकलो. म्हणून त्या दशकाबद्दल मी उपऱ्यासारखं बोलू शकत नाही.

पण एक गोष्ट तेव्हाच खुपत होती. मुंबईहून परत आलेले गिरणी कामगार आमच्याकडे कामाला लागले. याच कोल्हापूर, सातारा, सांगलीकडची माणसं. तिकडे आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी. इकडे बारा तास, चार माग एका माणसाकडे, मजुरी मीटरवर, आणि माग बंद तर मजुरी बंद. त्यांचा संप मोडला आणि त्यावर आमची सुगी आली, हे उघड बोलायला कुणी तयार नव्हतं. त्याच वेळी मुंबईचे गिरणीमालक ओरडत होते की यंत्रमागांनी गिरण्या मारल्या. हा आरोप मी आजही मान्य करत नाही. आमच्याकडचं कोरं कापड विकत घेऊन, त्यावर प्रक्रिया करून स्वतःचा शिक्का मारणाऱ्या गिरण्या त्यांच्याच होत्या. यंत्रं न बदलता वर्षानुवर्षं नफा काढून घेणारे तेच, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनीवर डोळा ठेवणारेही तेच. आमच्या मागवाल्यानं फक्त मिळालेलं काम केलं.

मात्र आमच्या मागवाल्यानं जे केलं नाही, त्याचा हिशेबही मांडला पाहिजे. कारखाना कायदा लागू होऊ नये, अबकारी बसू नये म्हणून प्रत्येकानं स्वतःला मुद्दाम लहान ठेवलं. एकाच छपराखाली विटांच्या भिंती चढल्या. एक भाग बायकोच्या नावावर, एक धाकट्या भावाच्या, एक आईच्या. कागदावर चार कारखाने, प्रत्यक्षात शाफ्ट एक, दिवाणजी एक, कामगार तेच. त्यामुळे कामगार कुणाच्याच दप्तरात कायम झाला नाही. तीस वर्षं एका मालकाकडे काम करून म्हातारपणी हातात काही नाही, अशी माणसं आज गावभागाच्या कट्ट्यावर बसलेली दिसतील. लाल बावट्याच्या लोकांनी याविरुद्ध आयुष्यं घातली. गावाच्या मध्यावर कॉ. मलाबादे चौक आहे तो उगीच नाही. मजुरी ५२ पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांवर, मोजायची रीत, तिचा दर वाढवून घेण्यासाठी मोर्चे, बंद, पुन्हा बोलणी. दर थोडा वाढायचा, पण निधीचं आणि ग्रॅच्युइटीचं नाव काढलं की मालकांची बैठक उठायची. महागाई भत्त्याशी मजुरी जोडण्याचा समझोता व्हायला २०१३ चा संप उजाडावा लागला, आणि त्याचीही अंमलबजावणी दरवर्षी नव्यानं मागावी लागते.

लहान राहण्याची दुसरी किंमत यंत्रांनी मोजली. १९८५ चं वस्त्रोद्योग धोरण आलं तेव्हा यंत्रमागाला पहिल्यांदा थोडी मान्यता मिळाली. आमच्याकडचे बरेचसे माग तेव्हाच दुसऱ्याच्या हातचे, गिरण्यांनी टाकलेले किंवा गावातल्या वर्कशॉपमध्ये ओतून जोडलेले. पैसा हातात होता. तेव्हा स्वयंचलित माग आणता आले असते, चार भावांनी एकत्र येऊन कापडावरची प्रक्रिया हातात घेता आली असती. थोड्यांनी ते केलं. बाकीच्यांचं कोरं कापड ट्रकमध्ये भरून पाली, बालोतरा, जेतपूर, अहमदाबादला जात राहिलं. रंग तिथे, छपाई तिथे, नफा तिथे. विणणाऱ्याच्या वाट्याला मीटरमागे पैसे आणि तीन-तीन महिने उधारी. कापड घेणारी पार्टी बसली की मागवाला बसला. असे बसलेले मागवाले प्रत्येक गल्लीत होते, आणि त्यांच्या घरचा उंबरठा पुढे व्याजवाल्यांनी झिजवला.

पैसा गेला तो बंगल्यांत, सुताच्या सट्ट्यात, लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीत. त्याच १९८२ मध्ये दत्ताजीराव कदमांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था राजवाड्यात उभी राहिली, ही त्या दशकातली खरी दूरदृष्टी. वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेतलेली मुलं तिथून बाहेर पडली आणि सुरत, कोइमतूर गाठू लागली. कारण इथे भिंती घालून वाटून टाकलेल्या छपराखाली इंजिनिअरला बसवायला जागाच नव्हती.

आणि पाणी. त्या वर्षांत सायझिंग वाढलं, प्रोसेस वाढल्या, आणि त्यांचं पाणी काळ्या ओढ्याला लागलं. काळा ओढा पंचगंगेला मिळतो. माझ्या लहानपणी नदीच्या घाटावर पोहायला शिकवत. त्या दशकाच्या शेवटी तिथे आई मुलाला पाय बुडवू देत नव्हती. गावात आमदार होते, खासदार होते, पुढे मंत्रीही झाले. वाहत्या पैशातून सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्था वेळेवर उभी करणं कुणालाच तातडीचं वाटलं नाही. कोल्हापूरचं सांडपाणी वरून येतं, साखर कारखान्यांचं येतं, हे खरं आहे. पण आपण सोडलेल्या पाण्याचा रंग आपल्याला ओळखू येत होता.

१९९१ नंतरची वर्षं मी भरभर ओलांडतो. त्यांत सांगण्यासारखं नवं थोडं आणि सोसण्यासारखं पुष्कळ. सुताची निर्यात वाढली, दर मागवाल्याच्या आवाक्याबाहेर नाचू लागले. भारनियमनाच्या काळात पाळ्या विजेच्या वेळापत्रकावर लागत. तंत्रज्ञान सुधारणेच्या कर्जातून रॅपिअर, एअरजेट आले, त्यांतले पुष्कळ परदेशातून जुने आणलेले. ज्यांच्याकडे भांडवल होतं ते मोठ्या वसाहतींत गेले आणि त्यांचं कापड आजही चांगलं आहे, हे मी आनंदानं लिहितो. साध्या मागाचा मालक मात्र मागे पडला. २०१६ च्या नोटाबंदीत आठवड्याचा पगार रोख देणारं गाव अडकलं. २०१७ मध्ये जीएसटी आला. कापडावर साचलेला कर परत मिळण्याची सोय वर्षभर नव्हती, तेव्हा स्वतःचं सूत घेऊन विणणाऱ्याचं खेळतं भांडवल कागदावरच अडकून पडलं. २०२० च्या टाळेबंदीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार चालत निघाले. त्यांतले सगळे परतले नाहीत, आणि का परतावं, याचं चांगलं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

२०१२ चा उन्हाळा मात्र ओलांडता येत नाही. नळाच्या पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसं दगावली. कापडात लाखोंची उलाढाल करणाऱ्या गावात लोक पिण्याच्या पाण्यानं मेले. त्याआधी कृष्णेवरून मजरेवाडीची योजना झाली होती. तिची गळती आजवर दुरुस्त होतच आहे. मग वारणेवरून आणायचं ठरलं तर दानोळीत विरोध. मग दूधगंगेवरून सुळकूडला, तर कागलकडच्या गावांचा विरोध. त्या शेतकऱ्यांना शत्रू ठरवून आपल्याकडे भाषणं होतात. मला त्यांचं म्हणणं कळतं. आपली नदी घाण केलेल्या गावाला दुसऱ्याची नदी कशाला द्यायची, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याला भाषण हे उत्तर नव्हे. पंचगंगा स्वच्छ करण्याचा कार्यक्रम तारखेसह जाहीर करून मग त्यांच्या दारात गेलो असतो, तर बोलणी वेगळी झाली असती.

२०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या पुढे होती. २०२२ मध्ये महापालिका झाली. फलक बदलले, पदनामं बदलली. नळाला पाणी अजून रोज नाही. कितव्या दिवशी येईल ते शेजारणीला विचारावं लागतं.

साधे माग जाणार, हे मला कळतं. जुन्या यंत्राला कवटाळून बसा, असं मी कुणालाही सांगणार नाही. ज्याला नवं यंत्र घेता येईल त्यानं घ्यावं, ज्याला जमत नाही त्यानं सुखानं दुसरा धंदा करावा. माझं मागणं साधे माग विकणाऱ्या माझ्या गाववाल्यांकडे आहे. त्या मागावर बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस, त्याचा जॉबर, कांड्या भरणारी मावशी यांची नावं तुमच्या दिवाणजीच्या वहीत आहेत, कायद्याच्या दप्तरात नसली तरी. भंगारवाल्याकडून पैसे हातात पडले की त्यांतून आधी या लोकांचा हिशेब पुरा करा, आणि मगच टेम्पो गल्लीबाहेर जाऊ द्या.