म्हातारी हरिणी वांझ नसते

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की एक सल्ला हमखास कानावर पडतो. "मादीच मारायची ना? मग म्हातारी बघून मार. तिला आता पिल्लं होत नाहीत, नुसता चारा खाते." बंदुकीच्या दुकानात हेच, शिकारी क्लबात हेच, आणि पेनसिल्व्हेनियात स्थायिक होऊन हौसेने परवाना काढणारा एखादा मराठी माणूसही हेच सांगतो. खात्री अशी की जणू हरिणीने स्वतःच त्याला येऊन सांगितलं असावं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हा सगळा मामला तिकडचा, व्हाइटटेल हरणांचा. आधी थोडी पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने ही हरणं अनेक राज्यांतून जवळजवळ संपली होती. म्हणून पेनसिल्व्हेनियाने १९०७ मध्ये मादी मारण्यावर बंदी घातली. हरणं वाढली, मग फारच वाढली. नर कितीही मारले तरी उरलेले थोडे नर सगळ्या माद्यांना पुरतात, त्यामुळे संख्या ठरते ती माद्यांवर. हे लोकांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. विस्कॉन्सिनमध्ये १९४३ साली माद्यांची शिकार खुली झाली, तेव्हा तिचा पाठपुरावा करणाऱ्या आल्डो लिओपोल्डसारख्या जाणकारालाही शिव्या खाव्या लागल्या. आज अनेक राज्यं दर विभागात किती बिनशिंगी हरणं, म्हणजे माद्या आणि पाडसं, मारायची ते ठरवून त्या हिशेबाने परवाने देतात.

आता त्या म्हातारीकडे वळू.

मिनेसोटाच्या उत्तर भागातल्या रानटी व्हाइटटेल माद्यांचा ग्लेन डेलज्युडिस आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २००७ मध्ये 'जर्नल ऑफ मॅमॉलॉजी'त निष्कर्ष मांडले. वय वाढलं म्हणून गर्भधारणा थांबल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पंधरा वर्षांच्या माद्यासुद्धा गाभण होत्या. रानात पंधरा वर्षं जगणारी हरिणी मुळात विरळा, म्हणजे 'वय झालं म्हणून वांझ' ही अवस्था येण्याआधीच बहुतेकींचा शेवट झालेला असतो. मिशिगनच्या कुसिनो संशोधन केंद्रात जॉन ओझोगा आणि लुई व्हर्मे यांना तर उलटंच दिसलं. वयस्क माद्या विण्यासाठी चांगल्या जागा बळकावतात आणि त्यांची पाडसं जास्त जगतात. पहिलटकरणींची जास्त दगावतात.

मग ही वांझपणाची समजूत आली कुठून? कासेवरून. शिकारी मारलेल्या मादीची कास तपासतो, दूध नाही म्हणतो आणि 'ड्राय डो' असा शिक्का मारतो. अहो, भाकड गाय आणि वांझ गाय यातला फरक आपल्याकडे गोठ्यातलं पोरही सांगेल! व्हाइटटेलची पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात आणि साधारण तीन महिन्यांत दुधावरून उतरतात. नोव्हेंबरमध्ये, ऐन शिकारीच्या दिवसांत, अनेकींची कास आटलेली असणारच. शिवाय पाडसू मेलं असेल तर कास त्याआधीच आटते. आणि पाडसं मरतात, खूप मरतात. साउथ कॅरोलायनात जॉन किल्गो यांच्या चमूने नवजात पाडसांना रेडिओ कॉलर लावून पाहिलं, तर चारातली जेमतेम एक सोळा आठवड्यांपर्यंत जगली. मरणाऱ्यांतली बरीच कायोटींनी, म्हणजे तिकडच्या लांडग्याच्या भाऊबंदांनी, नेली. तेव्हा सोबत पाडस नसलेली, कोरड्या कासेची मादी ही बहुधा वांझ नसते. ती पिल्लू गमावलेली आई असते, नाहीतर अजून एकदाही न व्यालेली दीड वर्षांची पोर असते. म्हणजे शिकारी ज्यांना म्हाताऱ्या समजून मारतात त्यातल्या काही चक्क तरुण असतात.

वय ओळखण्याचा दावा हा आणखी एक विनोद. 'तोंड लांब, अंगावर करडेपणा, पाठ वाकलेली, म्हणजे आठ-दहा वर्षांची.' दीड वर्षांची मादी आणि पूर्ण वाढलेली मादी यांतला फरक सरावाने कळतो, पण पाच वर्षांची की नऊ, हे दुरून कोणी सांगू शकत नाही. सेव्हरिंगहाउस यांनी १९४९ मध्ये दातांच्या बदलावरून आणि झिजेवरून वय सांगण्याची पद्धत दिली, ती आजही वापरतात. त्यासाठी जबडा हातात यावा लागतो, म्हणजे हरीण आधी मारावं लागतं.

म्हातारी मादी मारू नये, असं मात्र मी म्हणत नाही. संख्या कमी करायची असेल तर तिला मारण्यासारखं परिणामकारक दुसरं काही नाही, कारण पुढच्या जूनमध्ये ती बहुधा जुळी देणार असते. आणि त्या भागात हरणं आधीच कमी असतील तर नेमकी तीच राखायला हवी. 'ती मेली तर काही बिघडत नाही' हा तर्क दोन्हीकडून फसतो. बिघडत नाही अशी मादी कळपात नसतेच.

खरी चूक दुसरीकडेच होते. मादी समजून नर पाडस मारलं जातं. सहा महिन्यांच्या नराला शिंगं नसतात, कपाळावर नुसते दोन उंचवटे असतात, म्हणून त्याला 'बटन बक' म्हणतात. हे पोरगं धीट असतं, मोकळ्या शेतात आईच्या आधी येतं आणि एकटंच उभं राहतं. एकट्या जनावराचा आकार कशाशी ताडायचा? सोबत दुसरी हरणं आली की फरक दिसतो. मोठ्या मादीचं धड लांबट आणि तोंड लांब असतं, पाडसाचं धड चौकोनी आणि तोंड आखूड. दोन कानांमधलं डोकं सपाट दिसलं तर नर पाडस, गोलसर दिसलं तर मादी.

काही किरकोळ समजुती. आई मेली की पाडस मरतं? नाही, शिकारीच्या हंगामापर्यंत ते रवंथ करून स्वतः चरत असतं. व्हर्जिनियात होल्झेनबाइन आणि मार्चिंटन यांना तर आई गेलेले नर जन्मभूमी कमी सोडताना आणि जास्त तगताना आढळले. हंगामाच्या शेवटी गाभण मादी मारली तर जास्त नुकसान? पुढच्या वर्षीची पाडसं तेवढीच कमी होतात, मादी ऑक्टोबरमध्ये मारा की जानेवारीत. मोठी मादी मारली तर कळप पुढारीणीविना भरकटतो? उरलेल्या माद्या त्याच रानात राहतात. म्हाताऱ्या मादीचं मांस चिवट? वयापेक्षा मारल्यावर ते किती लवकर गार केलं, यावर जास्त अवलंबून असतं.

तेव्हा परवाना काढणाऱ्यांनी आधी आपल्या विभागाचा त्या वर्षीचा बिनशिंगी कोटा पाहावा. कोटा भरपूर असेल तर कळप जमू द्यावा आणि त्यातली मोठी मादी निवडावी, कास भरलेली आहे की कोरडी याची चौकशी न करता. कोटा तुटपुंजा असेल तर म्हातारीला फुकटची समजू नये. आणि समोर एकटंच बिनशिंगी जनावर उभं असेल तर बार काढू नये.